पाऊण लाखात चर्चच्या मंचाची प्रकाशयोजना कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं चर्च. हॉल ३० फूट रुंद, ७० फूट लांब. मंच २४ बाय १२ फूट, जमिनीपासून २ फूट उंच. कौलारू छत, लोखंडी कैच्या १४ फुटांवर. मंचावर सध्या ट्यूबलाइट आणि पाळकांच्या बरोबर डोक्यावर तीन रंगीत एलईडी पार, म्हणजे डब्यासारखे झोताचे दिवे. उपासना मोबाइलवरून लाइव्ह दाखवतात. त्यात पाळकांचे डोळे दिसत नाहीत आणि चेहरा जांभळा येतो. तरुण संघाने ७५ हजार जमवलेत. दुकानदार म्हणतो, आठ मूव्हिंग हेड आणि एक धुराचं मशीन घ्या. घ्यावं का?

मूव्हिंग हेड घेऊ नका. ते दिवे वाईट नाहीत, पण त्यांचं काम वेगळं. स्वस्तातला मूव्हिंग हेड अरुंद झोत हवेत फिरवण्यासाठी बनवलेला असतो. गणपतीच्या मिरवणुकीत तो शोभतो. माणसाचा चेहरा तासभर एकसारखा उजळत ठेवायला तो निरुपयोगी, वर त्याच्या पंख्याचा आवाज मूक प्रार्थनेच्या वेळी थेट माइकमध्ये जातो.

मी सव्वीस वर्षं नाटकांची प्रकाशयोजना करतोय, आणि त्यातूनच दहा-बारा चर्चची कामं झाली. पहिल्या चर्चमध्ये मी नाटकवाल्याच्या सवयीने सगळा हॉल अंधारात टाकला आणि मंच झळाळता ठेवला. स्वतःवर खूश होतो. पहिलं गीत सुरू झालं, तर लोक पुटपुटायला लागले. उपासना संपल्यावर एक आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, दिवे छान लावलेस, पण पुस्तक दिसत नाही तर गाणं म्हणायचं कसं?" नाटकात प्रेक्षक बघायला येतो. उपासनेत मंडळी स्वतः गाते, वाचते, उभी राहते, बसते. तेव्हापासून चर्चच्या हॉलचा उजेड मी अर्ध्याच्या खाली कधी नेत नाही. बाकावर पुस्तक वाचता येईल इतका, म्हणजे साधारण १५० लक्स, आणि मंचावर चेहऱ्यावर त्याच्या तिप्पट, एवढा फरक डोळ्यालाही पुरतो आणि कॅमेऱ्यालाही. लक्स मोजायचं ॲप मोबाइलवर मिळतं. त्याचा आकडा अगदी बरोबर नसतो, पण दोन जागांची तुलना करायला चालतो.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे. डोळे दिसत नाहीत, कारण दिवा डोक्यावर आहे. वरून सरळ खाली पडणाऱ्या उजेडात कपाळ आणि नाकाचा शेंडा चमकतो, भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते. अशा वेळी आणखी दहा दिवे वर लावले तरी डोळे दिसणार नाहीत. दिवा पुढे आणायला हवा. समोरून आणि वरून, चेहऱ्याशी ३५ ते ४५ अंशांचा कोन करून येणारा झोत हवा. कोन त्याहून कमी केला तर चेहरा सपाट दिसतो, वक्त्याच्या डोळ्यात उजेड घुसतो आणि मागच्या भिंतीवर त्याची मोठी सावली उभी राहते. ४५ च्या वर गेलात की पुन्हा खोबणी काळ्या.

तुमच्या मापांवरून हिशोब करून दाखवतो. मंच २ फूट, त्यावर उभ्या माणसाचा चेहरा साडेपाच फुटांवर, म्हणजे जमिनीपासून साडेसात. पाइप १३ फुटांवर टांगला तर उभा फरक साडेपाच फूट. ४५ अंशांसाठी दिवा चेहऱ्याच्या साडेपाच फूट पुढे हवा, ३५ अंशांसाठी जवळजवळ आठ फूट. म्हणून पुलपिटच्या, म्हणजे पाळक ज्यामागे उभे राहून बोलतात त्या मेजाच्या, सात फूट पुढची रेघ धरा. पुलपिट मंचाच्या कडेपासून तीन फूट आत असेल, तर पाइप मंचाच्या कडेच्या चार फूट बाहेर, पहिल्या बाकांच्या वर येतो. कागदावर विश्वास बसत नसेल तर एकाला पुलपिटपाशी उभं करा, त्याच्या नाकाजवळ सुतळीचं टोक धरा आणि शिडीवरच्या माणसाने दुसरं टोक कैचीला लावावं. कंपासपेटीतला कोनमापक सुतळीला लावला की कोन कळतो. माझ्या बॅगेत अजूनही सुतळी असते.

कैची नेमकी त्या रेघेवर नसेलच. मग जवळची कैची निवडा आणि हवं तर पुलपिट फूटभर पुढेमागे सरकवा. पुलपिट हलवायला पैसे लागत नाहीत. पंचांची परवानगी तेवढी लागते.

दीड इंची जीआय पाइप बाजारात साधारण २० फुटीच मिळतो, तुम्हाला तो एक पुरे. पाइपचंच वजन वीस किलोच्या वर जातं, त्यात सहा दिव्यांचे पंचवीस-तीस धरा. म्हणजे पन्नास किलो लोकांच्या डोक्यावर. पाइप आडवा धरताना कैचीच्या सांध्यापाशी बांधा, पट्टीच्या मध्यावर लटकवू नका, आणि ज्याने कधी शेड उभारलीय अशा फॅब्रिकेटरला किंवा इंजिनिअरला आधी छत दाखवा. जुन्या चर्चमध्ये लाकडी कैच्या असतात. तिथे वाळवी पाहिल्याशिवाय काही टांगायचं नाही. प्रत्येक दिव्याला क्लँपशिवाय एक वेगळी सेफ्टी वायर हवीच. एका सभागृहात माझ्यासमोर दिव्याचा क्लँप निसटलाय. तो दिवा वायरवर झुलत राहिला, खाली पेटीवाला बसलेला होता. ही वायर शंभर-दीडशे रुपयांना मिळते. दुकानदार ती बिलात आपणहून घालत नाही, मागून घ्यावी लागते.

दिवे कोणते? पुढच्या पाइपसाठी फक्त पांढरे, तेही वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरे, ३००० ते ३२०० केल्विनचे. तुमच्याकडचे तीन रंगीत पार लाल, हिरवा आणि निळा मिसळून पांढरं करतात. ते डोळ्याला पांढरं दिसतं, पण त्यात मधले रंग नसतात, म्हणून आपली सावळी कातडी त्यात राखाडी किंवा जांभळट दिसते. पाळकांचा जांभळा चेहरा इथून येतो. मोबाइलचा यात फारसा दोष नाही. पांढऱ्या एलईडीच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, दिव्यात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, तो ९० च्या वर मागा. खोक्यावरचं छापील खरं असेलच असं नाही, म्हणून दुकानातच परीक्षा घ्या. आपला तळहात आणि एक लाल कापड दिव्याखाली धरा. तळहात जिवंत दिसला आणि लाल रंग विटकरी झाला नाही तर दिवा घ्या. मग दिवा डिमरवर अगदी मंद करा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पट्टे फिरताना किंवा लुकलुक दिसली तर तो दिवा लाइव्हसाठी नको. तिसरी परीक्षा कानाची: दुकानातला पंखा बंद करायला सांगा आणि दिव्याचा पंखा ऐका. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत भर दुपारी हे करून घेणं अवघड असतं, सकाळी दुकान उघडताना जा.

शंभर वॉटचे वॉर्म व्हाइट सीओबी (एकच मोठा एलईडी असलेले) पार माझ्या अंदाजाने पाच-सहा हजारांच्या आसपास पडतात. असे सहा घ्या. मंचाची रुंदी २४ फूट, तिचे आठ-आठ फुटांचे तीन भाग पाडा. प्रत्येक भागावर दोन दिवे, एक डावीकडून, एक उजवीकडून, कात्रीसारखे एकमेकांना छेदणारे. दिवा ते चेहरा हे तिरकं अंतर बारा फूट धरलं, तर ४० अंशांचा झोत तिथे पावणेनऊ फूट रुंद होतो. म्हणजे शेजारचे दोन भाग एकमेकांत थोडे मिसळतात आणि पाळक बोलता बोलता दोन पावलं सरकले तर मध्ये काळा पट्टा लागत नाही. २५ अंशांचा घेतलात तर तोच झोत पाच-सव्वापाच फुटांचा होईल आणि मंचावर ठिपके पडतील. स्वस्त पार बहुतेक २५ चेच असतात, म्हणून कोन विचारूनच घ्या. नाहीच मिळाला तर काचेसमोर फ्रॉस्टचा जिलेटिन पेपर लावा, कडा विरघळतात. दोन्ही बाजू सारख्याच उजळ ठेवू नका. एक पूर्ण, दुसरी साठ टक्क्यांवर, म्हणजे चेहऱ्याला उठाव राहतो.

याहूनही कमी पैशांत करायचं असेल तर एक तोडगा आहे, प्रकाशयोजनाकार तो सहसा सांगत नाहीत. कपड्यांच्या शोरूममध्ये छताला जे ३० वॉटचे ट्रॅकलाइट असतात ते ३००० केल्विनचे, चांगल्या सीआरआयचे आणि बिनपंख्याचे मिळतात. आठ फुटांच्या आत छत असलेल्या छोट्या प्रार्थनागृहात मी तेच वापरलेत. डिम करायचे असतील तर तसा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, मागून घ्यावा लागतो. तुमच्या छताची उंची बघता मात्र ते कमी पडतील, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो.

तुमचे रंगीत तीन पार टाकू नका. त्यांना पाळकांच्या डोक्यावरून काढून मागच्या भिंतीकडे वळवा. रंगाची जागा भिंत, चेहरा नव्हे. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा कॅथलिक परंपरेत वर्षाचे रंग ठरलेलेच आहेत: आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, नाताळला आणि पुनरुत्थानाला (ईस्टरला) पांढरा, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (पेन्टेकॉस्टला) लाल, एरवी हिरवा. वेदीच्या कापडाचा रंग तोच असतो. भिंतीवर त्याची मंद छटा आली की बसलेल्या माणसाला कारण न सांगता कळतं. दर गाण्याला रंग बदलायचा मोह होईल. तरुण संघाला मी तो मोह नाताळच्या कार्यक्रमाच्या रात्री एकदा पुरवू देतो, रविवारी नाही.

भिंतीवरून आठवलं. तुमची मागची भिंत बहुतेक पांढरी किंवा फिकट निळी असणार, आपल्याकडच्या बहुतेक चर्चमध्ये असते. पुढून मारलेला उजेड त्या भिंतीवर आदळतो, मोबाइल भिंतीचा पांढरेपणा बघून चित्र काळं करतो, आणि त्यात चेहराच बुडतो. दिव्यांआधी ती भिंत बिनचमकीच्या रंगाने मातकट किंवा करडी करून घ्या. एक डबा रंग आणि एक शनिवार. तेवढं जमत नसेल तर पुलपिट भिंतीपासून निदान सहा फूट पुढे ठेवा. उलट पुलपिटवर आणि वेदीवर पांढरं कापड जरूर घाला. उघड्या पवित्र शास्त्राची पांढरी पानं आणि ते कापड वरचा उजेड परत हनुवटीखाली फेकतात. हा उजेड फुकटचा आहे आणि चष्म्याच्या काचेत चमकत नाही.

क्रूसासाठी वेगळा स्पॉट लागत नाही. क्रूस भिंतीपासून तीन इंच पुढे घ्या आणि मागून कडेने वॉर्म एलईडी पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये चिकटवा. पट्टी पाच मीटरच्या वर गेली तर शेवटाला मंद पडते, म्हणून वीज दोन्ही टोकांनी द्या. सगळे दिवे बंद असताना फक्त हा क्रूस पेटलेला ठेवून बघा.

जुनी चर्च हा वेगळा विषय आहे. वसई किंवा गोव्यातल्या सोनेरी मुलाम्याच्या लाकडी वेद्या मेणबत्तीच्या उजेडासाठी घडवलेल्या आहेत. जुन्या गोव्याचं बॉम जेझू १६०५ साली पवित्र केलं गेलं, तेव्हा तिथे ज्योतींशिवाय दुसरं काही नव्हतं. अशा कोरीवकामावर समोरून फ्लडलाइट मारला की ते पत्र्यासारखं सपाट दिसतं. एका बाजूने, खालून, मंद आणि पिवळसर झोत दिला तर नक्षी उठून येते. भिंतीला भोक पाडायचं नाही, जुन्या रंगाजवळ गरम दिवा न्यायचा नाही, आणि वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याला आधी विचारायचं. तुमचं चर्च तसं नाही, म्हणून एवढंच.

वीज. सहा दिवे सहाशे वॉट आणि तुमचे तीन पार मिळून अकराशेच्या आत, म्हणजे २३० व्होल्टला पाच अँपिअर. जुन्या एक हजार वॉटच्या पारकॅनचे सहा लावले असते तर २६ अँपिअर झाले असते आणि मीटरचा लोड वाढवायला अर्ज करावा लागला असता. तरीही स्टेजच्या दिव्यांसाठी बोर्डापासून स्वतंत्र अडीच चौरस मिलिमीटरची लाइन, १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) घाला, पाइपला अर्थिंग द्या, आणि साउंडची लाइन वेगळी ठेवा. हे काम परवानाधारक वायरमनचंच. आमच्या पिढीने डालड्याच्या डब्यात बल्ब बसवून स्पॉट केले आणि मिठाच्या पाण्याच्या बरणीत तारा सोडून डिमर केले. गोष्टी सांगायला मजा येते, पण एक पोरगा त्या बरणीला चिकटता चिकटता वाचलेला मी पाहिलाय.

कौलांखाली एप्रिल-मे महिन्यात हवा भाजते. दिवा छताला चिकटवू नका, हातभर मोकळी जागा ठेवा, नाहीतर आतला ड्रायव्हर लवकर जळतो. दर दोन महिन्यांनी कोरड्या ब्रशने पंख्याच्या जाळीतली धूळ काढा. भारनियमनासाठी इन्व्हर्टर असेल तर आधी एकच दिवा त्यावर चालवून पाहा. साध्या इन्व्हर्टरवर काही दिवे गुणगुणतात.

चालवायला लहान डीएमएक्स कन्सोल, म्हणजे दिवे दुरून कमीजास्त करायची पट्ट्यांची पेटी, पुरे, चार हजारांच्या घरात मिळतो. दिवे एकामागे एक साखळीत जोडायचे, माइकची वायर न वापरता डीएमएक्सचीच वायर घ्यायची, आणि शेवटच्या दिव्याच्या बाहेरच्या सॉकेटमध्ये १२० ओहमचा टर्मिनेटर खोचायचा. तो नसला तर दिवे मधूनच थरथरतात आणि पोरं कन्सोलला शिव्या घालतात. दिव्यांना पत्ते, म्हणजे कन्सोलने ओळखायचे क्रमांक, असे द्या की डावीकडचा भाग, मधला, उजवीकडचा, भिंत, एवढ्याच पट्ट्या हाताशी येतील. कन्सोलवर चारच प्रसंग साठवा: गायन, वाचन-प्रवचन, प्रभुभोजन, सगळे चालू. प्रत्येक बटणाखाली मार्करने मराठीत नाव लिहा. दर रविवारी कन्सोलवर नवा मुलगा बसणार, हे धरूनच चाला. हॉलचे दिवे मात्र कन्सोलवर घेऊ नका, ते भिंतीवरच्या साध्या बटणावरच राहू देत. कन्सोल रुसला तरी मंडळी अंधारात बसणार नाही.

मोबाइलचं: शटर १/५० वर, फ्रेम २५, व्हाइट बॅलन्स ३२०० वर कुलूपबंद, एक्स्पोजर पाळकांच्या चेहऱ्यावर बोट ठेवून लॉक. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून हे आकडे. हॉलमधल्या निळसर ट्यूब तशाच राहिल्या तर चेहरा पिवळा आणि मागची माणसं निळी दिसतील, तेव्हा निदान मंचाजवळच्या चार ट्यूब वॉर्म करा. आणि काही विकत घेण्याआधी एका रविवारी उपासनेच्याच वेळेला मंचाचा फोटो काढा. जुन्या पद्धतीच्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला असते, सकाळी नऊला खिडकीतून ऊन थेट पाळकांच्या पाठीमागून येतं. त्या उन्हाशी तुमचे सहाशे वॉट झुंजणार नाहीत. त्याला जाड पडदा लागतो.

हिशोब जुळवू. दिवे ३३ हजार, पाइप-क्लँप-सेफ्टी वायर-मजुरी ७, वायरिंग ९, कन्सोल ४, डीएमएक्स वायरी ४, क्रूसाची पट्टी २. झाले ५९. उरलेले १६ लगेच खर्चू नका. त्यातून पडदा, भिंतीचा रंग, हॉलच्या ट्यूब आणि एक जादा दिवा. जादा दिवा कपाटात ठेवायचा, टांगायचा नाही. नाताळच्या आदल्या दिवशी एक दिवा जातोच. भाव तुमच्या गावात हजार-दोन हजारांनी इकडेतिकडे होतील.

दिवे फोकस करायला दोन तास द्या, तेही संध्याकाळी खिडक्या काळ्या झाल्यावर. एकाने पुलपिटपाशी उभं राहायचं, सगळे दिवे बंद, एकेक पेटवत जायचं आणि ज्याचा झोत नाकावर तिरका पडतोय तिथे स्क्रू आवळायचा. उभा राहणारा पाळकांच्या उंचीचा हवा. माझ्या एका कामात पोरांनी सगळ्यात बुटक्याला उभं केलं होतं, रविवारी झोत पाळकांच्या टायवर.

पुनरुत्थानाच्या रात्रीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण तिथे नवे दिवे मिळालेली मंडळी हमखास घोटाळा करतात. जागरणाची उपासना अंधारात सुरू होते, एक मेणबत्ती आत येते, तिच्यावरून बाकीच्या पेटतात. त्या वेळी 'थोडा निळा असू दे' म्हणून कोणी तरी पट्टी वर करतं. करू नका. कन्सोल पूर्ण खाली, क्रूसाची पट्टी बंद, मोबाइलवर चित्र काळं दिसलं तरी चालेल. गौरवगीताला घंटा वाजल्या की मग सगळे दिवे एकदम वर, हळूहळू नव्हे.

राहिलं धुराचं मशीन. धूर लागतो तो हवेतला झोत दिसावा म्हणून, आणि तुमच्याकडे दाखवायचा झोतच नाही. बंद हॉल, वर कौलं, पुढच्या बाकावर दम्याची म्हातारी माणसं. दुकानदाराला सांगा, त्याऐवजी बिलात सहा सेफ्टी वायर घाल.